फोटोला आकडा, लेकराला नाव

शाळा उघडली की शिकवण्याच्या आधी एक काम समोर येऊन बसतं, ते म्हणजे मुलांचे फोटो. ओळखपत्राला फोटो, शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो, ऑनलाइन माहिती भरायला फोटो. फोटोग्राफर एका सकाळी येतो, भिंतीला निळा पडदा लावतो, दोनेकशे लेकरांना एकामागून एक उभं करतो आणि पेन ड्राइव्ह हातात देऊन जातो. त्यात असतात ‘डीएससी’ आणि पुढे चार आकडे असलेल्या फाइली. कोणता आकडा कोणाचा, हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. तो आकडेही ९९९९ पर्यंतच मोजतो, मग पुन्हा ०००१. म्हणजे मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या दोन लेकरांच्या फोटोचं नाव हुबेहूब एक असू शकतं.

या फाइलींची नावं बदलणं कॉम्प्युटरला अवघड नाही. विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडा, ‘एफ२’ दाबा, ‘विद्यार्थी’ असं लिहा, एंटर मारा. क्षणात विद्यार्थी (१), विद्यार्थी (२) अशी रांग तयार. नाही आवडलं तर कंट्रोल-झेड दाबा, जुनी नावं परत. पण यातून कोणाची ओळख पटत नाही. गर्दीला टोकन वाटल्यासारखं होतं ते.

अडचण पुढच्या पायरीला सुरू होते. फोटो हजेरीपटाच्या क्रमाने काढले, तर हजेरीपटाच्या क्रमाने नावं देऊन टाकू, असं कोणालाही वाटतं. एका शाळेत असंच झालं होतं. सतरा नंबरची मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. अठरावा मुलगा सतराव्या जागी आला, एकोणिसावी अठराव्या जागी, आणि तिथून शेवटपर्यंत सगळा वर्ग एकेक पाऊल सरकला. ओळखपत्रं छापून आली तेव्हा एका मुलीच्या गळ्यात भलत्याच मुलाचा चेहरा! लेकरं हसली. पण हाच घोळ शिष्यवृत्तीच्या अर्जात गेला असता, तर हसण्यावारी न्यायची सोय नव्हती.

दुसरा फसवा मामला क्रमाचा. विंडोजच्या खिडकीत १, २, ३ अशा नीट लागलेल्या फाइली काळ्या पडद्यावरच्या ‘डीआयआर’ आज्ञेने मागवल्या, की १, १०, ११, १२ आणि मग २ अशा येतात. कारण ती आज्ञा आकडा मोजत नाही, अक्षरासारखा वाचते. ती यादी उचलून एक्सेलमध्ये हजेरीपटाशेजारी चिकटवली की झाला गोंधळ. उपाय साधा आहे, १ ऐवजी ००१ लिहा. फक्त एक्सेलमध्ये तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर ते पुढची शून्यं गिळून टाकतं.

माझी रीत आता ठरलेली आहे. फोटोच्या वेळी प्रत्येक लेकराच्या हातात पाटी द्यायची. पाटीवर दाखल-खारीज रजिस्टरचा क्रमांक. एक फोटो पाटीसकट, दुसरा पाटीविना. कोणी गैरहजर असो की रांग मोडून पुढे घुसो, फरक पडत नाही. मग मूळ फोल्डरची एक नक्कल बाजूला ठेवायची आणि एक्सेल उघडायचं. पहिल्या रकान्यात जुनं नाव, दुसऱ्यात नवं, दोन्ही शेवटच्या ‘जेपीजी’सकट. तिसऱ्यात सूत्राने जोडलेली ओळ: ‘रेन’ ही आज्ञा, अवतरणात जुनं नाव, अवतरणात नवं नाव. तो तिसरा रकाना नोटपॅडमध्ये टाकून ‘बॅट’ शेवटाची फाइल त्याच फोल्डरमध्ये जतन केली आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं, की दोनशे नावं चहा निवायच्या आत बदलतात. फाइलीच्या नावात दाखल क्रमांक आणि वर्ष, एवढंच. आधार क्रमांक चुकूनही नाही. लेकराचा चेहरा आणि आधार क्रमांक एकाच फाइलीवर लिहून ती व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे घराची किल्ली दाराला टांगून बाजाराला जाणं.

कोणी विचारेल, आकडा कशाला, सरळ मुलाचंच नाव का नाही द्यायचं? आमच्या वर्गांत या प्रश्नाचं उत्तर रोज मिळतं. भंडारा, तुमसर, पवनीकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत ‘शेख’ नावाच्या आधी लागतो, शेख अमुक शेख तमुक. मुलगा शेख, बाप शेख, आणि ‘पहिलं नाव’ या चौकटीतही शेख! नावानुसार फाइली लावल्या तर अर्धा वर्ग एकाच अक्षराखाली गोळा होतो. उरलेल्यांपैकी अनेकांचं पहिलं नाव मोहम्मद. ते कुठे पूर्ण लिहिलेलं, कुठे ‘मो.’, आणि इंग्रजीत दोन अक्षरं आणि एक टिंब. आता फाइलीच्या नावात टिंबानंतर प्रकार लिहायचा असतो. काही साधे प्रोग्रॅम पहिल्याच टिंबाशी नाव तोडतात, आणि मोहम्मदाच्या पुढचं लेकराचं खरं नावच गळून जातं.

मुलींचं आणखी वेगळं. कागदावर शेवटचा शब्द परवीन, फातिमा किंवा बी असतो. कॉम्प्युटर शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. त्याच्या लेखी सख्खे बहीणभाऊ दोन वेगळ्या घराण्यांचे होतात. नावाच्या चौकटी ज्यांनी आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी एकच रीत होती. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचं नाव आलं हे फार चांगलं झालं. पण ही मुलं २०३० च्या आसपास पहिलीत येतील, तेव्हा चार चौकटींत चार शब्द बसवताना आमच्याकडे कोणाचा शेख कुठे जाईल, याचा विचार आतापासून केलेला बरा.

त्यातच तीन लिप्या. उर्दूत ‘स’ आवाजाला से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरं आहेत आणि ‘ज़’ला ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय अशी चार. मराठीत आलं की उरतो एक स आणि एक ज. त्या मराठीवरून कोणी इंग्रजी टाइप केलं की रियाज़चा शेवट झेडऐवजी जेने होतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे अंदाजाने वाचणारा वेगळंच वाचतो. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, असं एकाच लेकराचं नाव वाटून जातं. ‘अपार’ क्रमांक तयार होताना युडायस प्लसवरचं आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. तिथे एका अक्षराने काम अडतं. आणि शाळा सुटल्यावर नाव दुरुस्त करायला निघालेला माणूस किती उंबरे झिजवतो, ते आपल्यापैकी बहुतेकांनी घरातच पाहिलं आहे.

म्हणून माझ्या एक्सेलमध्ये आणखी तीन रकाने आहेत: नाव उर्दूत, मराठीत आणि आधारवर आहे तसं इंग्रजीत. तिन्ही एकमेकांशी जुळत नसतील तिथे पिवळा रंग. पिवळ्या ओळींसाठी कोणताही प्रोग्रॅम नाही. त्यासाठी पालकांना बोलवावं लागतं. एक आई म्हणाली, ‘मॅडम, कागद पे जो है वही रहने दो, नाम से क्या होता है?’ मी तिला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले आणि म्हटलं, दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापून येईल ते हिला जन्मभर पुरवायचं आहे, आज एक चक्कर मारा. तिने मारली.

घरच्या फोटोंनाही हेच लागू आहे. जुन्या फोटोंच्या पाठीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी उर्दूत नावं लिहिलेली असतात, कोणाचा निकाह, कोण कोण उभं आहे. हल्ली मुलं मोबाइलने फोटोची पुढची बाजू टिपतात आणि मूळ प्रत कपाटात वाळवीला ठेवतात. पाठही टिपा. दोन्ही फाइलींना एकच आकडा द्या, पुढे ‘अ’ आणि ‘ब’ लावा. उर्दू वाचणारं एक माणूस घरात आहे तोवर ती नावं वाचून घ्या. फाइलीच्या नावात उर्दू आणि आकडे एकत्र लिहायला मात्र जाऊ नका. उर्दू उजवीकडून चालते, आकडे डावीकडून, आणि पडद्यावर दोघं एकमेकांच्या जागा घेऊन बसतात.

कुरआनात सूरह बकरात येतं, की अल्लाहने आदमला सगळ्या वस्तूंची नावं शिकवली. आपल्याकडे बाळाचं नाव साधारण सातव्या दिवशी अकीक्यासोबत ठेवतात, घरातली मोठी माणसं बसून, अर्थ विचारून, दहा नावांतून एक निवडून. एवढ्या हौसेने ठेवलेलं नाव शाळेच्या कॉम्प्युटरवर घाईत उरकलं जाऊ नये, इतकंच माझं म्हणणं आहे. या वर्षी आपल्या लेकराचं ओळखपत्र घरी आलं की फोटोच्या खालची ओळही वाचा, एकेक अक्षर. काही वेगळं दिसलं तर त्याच आठवड्यात शाळेत या.