दोंडाईच्याच्या उन्हात गारवा

धुळ्याहून चिमठाणेमार्गे दोंडाईचा साठेक किलोमीटर. हिवाळ्यात हा रस्ता कधी सरतो ते कळतही नाही. मे महिन्यात मात्र पारा ४३-४४ ला टेकलेला. खिडकी उघडावी तर भट्टीचं तोंड, लावावी तर गुदमर. आणि मागच्या सीटवर डायलिसिस करून परतणाऱ्या माझ्या सासूबाई, डोक्यावर ओला पंचा घेऊन.

आठवड्याला अशा दोन फेऱ्या. गाडी आमची २००५ सालची. एसी आहे, पण नावापुरता. "एस.टी.त माणसं बसत नाहीत का?" असं सासूबाईच म्हणायच्या. चिमठाणं आलं की १९४४ च्या एप्रिलात प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी इथं इंग्रजांचा खजिना कसा लुटला, ते त्या दर वेळी नव्यानं सांगतात. त्या दिवशी चिमठाणं आलं आणि गेलं, त्या गप्पच. घरी येऊन पाहिलं तर वरचा रक्तदाब ९० च्या खाली!

ह्यांनी शहरातल्या एका गॅरेजात दोनदा गॅस भरून आणला होता. दर वेळी दोन हजार, म्हणजे माझ्या शाळेच्या पगारातला मोठा घासच. पंधरा दिवसांत वारा पुन्हा गरम. "विकून टाकू," हे म्हणाले. मी रविवारी गाडी घेऊन स्टेशनकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले.

मिस्त्री वयस्कर. माझं ऐकून हसले. "ताई, गॅस काय पेट्रोल शे का सरी जावाले? कोठेतरी गळी राह्यना!"

मैत्रिणींनो, एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर! गॅस बंद नळ्यांतून फिरतच राहतो. तो कमी झाला म्हणजे गळती आली, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात पाणी.

मी निंबाखालच्या बाकावर बसले. पलीकडून भुसावळ-सुरत मार्गावरची मालगाडी धडधडत गेली. मिस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बुडबुडे! आतली रबरी रिंग उन्हानं कडक झाली होती. मग रेडिएटरपुढची जाळी, कंडेन्सर, हलक्या पाण्यानं धुतली. त्यातून काय निघावं? धूळ, आणि कापसाचे झुपके! खानदेशातली गाडी, दुसरं काय निघणार. मिरचीच्या दिवसांत बाजारावरून जाताना ठसका लागू नये म्हणून बाहेरची हवा बंद करायची, एवढंच मला ठाऊक होतं. ह्या जाळीकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

रिंग बदलली. पंप लावून पाऊण तास नळ्यांतली हवा आणि दमट ओढून काढली, काटा हलत नाही ना ते पाहिलं, मग काट्यावर तोलून गॅस भरला. आमच्या गाडीला आर-१३४ए. ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झालेला आर-१२ त्याहून जुन्या गाड्यांत असायचा. दोन्हींची सरमिसळ चालत नाही, तेव्हा विचारून घ्यावं. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवावा, म्हणजे तेल फिरून रबर सुकत नाही, असंही मिस्त्रींनी बजावलं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता धुळ्याहून निघालो. आधी काचा उघडून आतली वाफ घालवली, मग एसी लावला. चिमठाणं आलं.

"इथंच बरं का," मागून आवाज आला, "खजिन्याची गाडी अडवली. आणि ते थंड जरा कमी कर गं, गुडघे आखडले माझे."