बाटलीत मुरायला किती दिवस?

परदेशात राहणारी आपली बरीच मंडळी हौसेने घरी बीअर करतात आणि दसरा जवळ आला की मला विचारतात, बाटल्या भरल्यावर थांबायचं किती? माझं गाव अंबाजोगाई, व्यवसाय पुण्यात बीअर बनवण्याचा. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही, म्हणून बीडच्या भाच्यांना मी हे शिकवत नाही. इंग्लंडमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घरापुरती बीअर करायला मोकळीक आहे. हे लिहितोय ते तिथल्यांसाठी.

साधी, चार-पाच टक्क्यांची बीअर असेल तर दसऱ्याला भरा आणि पाडव्याला उघडा. मधले तीन आठवडे पुरतात. पण हा हिशेब खोलीत १८ ते २२ अंश असतील तरच खरा.

बाटलीत कामं दोन चालतात. पहिलं गॅसचं. भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालायची. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बुचाखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बीअरमध्ये विरघळतो. गूळही चालतो, पण त्याची गोडी आणि ओल ढेपेगणिक बदलते, म्हणून मी साखरच मोजतो. दुसरं काम चवीचं. कोवळ्या बीअरला हिरव्या सफरचंदासारखा उग्र वास असतो, कधी लोण्याचा. तो ज्या द्रव्यांमुळे येतो ती यीस्ट हळूहळू परत पचवतं, आणि भरताना आत शिरलेला थोडा प्राणवायूही तेच संपवतं.

लोक फसतात ते इथेच. उबेत गॅस आठवड्यात तयार होतो, झाकण उघडताच फस्स आवाज येतो आणि वाटतं, झालं. आमच्या धारूरच्या डोंगरातलं सीताफळ डोळे उघडण्याआधीच तोडलं, तर अढीत कितीही ऊब द्या, काळं पडेल पण गोड होणार नाही. बीडच्या मे महिन्यासारख्या ४० अंशांत बाटल्या ठेवल्या तर बीअर मुरत नाही, म्हातारी होते. तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. उलट न्यू जर्सीच्या थंड तळघरात, दहा अंशांच्या आसपास, एलचं यीस्ट झोपून जातं आणि महिना उलटला तरी फेस धरत नाही. अशा वेळी साखर वाढवू नका, बाटल्या घरात उबेला आणा.

भरण्याआधी हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही, एवढं पाहाच. आंबणं अर्धवट असताना बुच मारलं तर बाटल्या फुटतात, आणि उडालेली काच डोळ्यात जाते. पातळ काचेची बाटली कधीच वापरू नये.

एक युक्ती मी सगळ्यांना देतो. त्याच घाण्यातली एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. रोज अंगठ्याने दाबा. दगडासारखी लागली की गॅस झाला. त्यानंतरही आठवडाभर तिथेच ठेवा, मग तीन-चार दिवस फ्रिजमध्ये उभी. थंडीत गॅस नीट विरघळतो आणि यीस्टचा पांढुरका थर तळाशी घट्ट बसतो. ग्लास तिरका धरून एका धारेत ओता. तळाचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

हॉप्सच्या वासासाठी केलेली आयपीए मात्र राखून ठेवू नये. गॅस भरला की दोनेक महिन्यांत संपवावी, वास आधी जातो. आठ टक्क्यांच्या वरची काळी, जड बीअर वेगळी. ती तीन महिन्यांनी बोलू लागते, सहा महिन्यांनी तिचा झणका उतरतो. या पाडव्याला ती पाजायची असेल तर अक्षय्य तृतीयेलाच भरायला हवी होती. आता भरलीत तर अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा, बुचावर तारीख लिहा, आणि होळीला एकच उघडून बघा.