तिवसा, मीडियम वेव्हवर

वीकएंडचा प्लॅन म्हटलं की आपली गाडी ताम्हिणी, काशिद, फार तर गोव्यापर्यंत जाते. विदर्भ म्हणजे ताडोबा, विषय संपला! तिवसा म्हटलं तर ‘तिथे काय आहे?’ हा पहिला प्रश्न आणि ‘नक्की कुठे आहे?’ हा दुसरा. तर मंडळी, तिवसा अमरावती जिल्ह्यात, नागपूरच्या रस्त्यावर. एसटी स्टँड, कपाशी, सोयाबीन, संत्री आणि माझे मामा. शिवाय तालुक्यातच कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. माझ्या आईचंही माहेर इथलंच, पण पालखी फक्त रुक्मिणीची निघते.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो या तालुक्याला बगल देऊन धामणगाव, चांदूर रेल्वेकडून गेला. मुंबईची घाई असलेले बरेच नागपूरकर आता तिकडून पळतात. इकडे ढाब्यावरचा चहा निवांत मिळतो.

मामांच्या ओसरीत एक लाकडी खोक्याचा मर्फी रेडिओ आहे. काटा फिरवणारी दोरी तुटलेली, वर दळणाचा डबा. ‘आमच्या येळेस याले लायसन लागे,’ मामा सांगतात. ‘पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरा लागे.’ गाणी ऐकायला लायसन्स! मला हसू आवरेना. पण मामांना गाण्यांपेक्षा बातम्या जास्त आठवतात. संध्याकाळी आजोबा रेडिओ लावायचे आणि आजूबाजूचे चारपाच जण ओसरीत येऊन बसायचे. त्यात एक कट्टर काँग्रेसवाला, एक जनसंघाचा, पुढे एक शेतकरी संघटनेचा. बातम्या संपल्या की कडाक्याचं भांडण व्हायचं. मग चहा. भांडण जोरदार, पण सगळ्यांनी ऐकलेली बातमी एकच असायची.

आता घरात चार माणसं, चार फोन. मामींच्या फोनवर देश धोक्यात आहे, दादाच्या फोनवर देश सुपरपॉवर झालाय, आणि दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे खातायत. तिवसा मतदारसंघात २००९ पासून सलग तीनदा काँग्रेसच्या यशोमती ठाकूर निवडून आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपचे राजेश वानखडे जिंकले. मतदारसंघात असं होतच असतं. पण त्या निकालाच्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर जे झालं, त्यानंतर तिथे फक्त गुड मॉर्निंगची फुलं येतात. दोन मावश्या एकमेकींना ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात, फोन करत नाहीत. तुमच्या ऑफिसात लंचला विषय निघाला की सगळ्यांना अचानक पेंडिंग मेल आठवतात ना? तसंच.

जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी शेतकरी कर्जमाफी आणि इतर मागण्यांसाठी अन्नत्याग केला, तो इथून जेमतेम पंधरा मिनिटांवर, गुरुकुंज मोझरीत. मामांचं पीककर्ज थकलेलं, म्हणजे प्रश्न घरचाच. पण त्यांना तो कळला पुण्याहून आलेल्या क्लिपमधून! एका क्लिपमध्ये महापूर लोटलेला, दुसरीत सगळी नौटंकी. मामांनी दोन्ही पाहिल्या, फोन चार्जिंगला लावला आणि मोटारसायकल काढली. ‘डोयानं पायलं त समाधान,’ ते म्हणाले. १४ जूनला उपोषण आश्वासनावर थांबलं. ऑक्टोबरच्या शेवटी नागपूरला मोर्चा गेला, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारनं सांगितलं. मामांनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेननं लिहून ठेवली.

‘म्हणजे रेडिओच बरा होता, नाही का मामा?’ मी विचारलं. मला वाटलं, ते लगेच हो म्हणतील.

‘काहून? आणीबाणीत तोई एकच बाजू सांगे.’ १९७५ ते ७७ या काळात आजोबा रात्री दार लावून, आवाज अगदी बारीक करून शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी लावायचे. (ती शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली.) सरकारी रेडिओ सरकारचं बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दुसरं स्टेशन शोधायचं. ‘पन बोलते कोन, हे त मालूम राहे. आता ह्या क्लिपा कोन बनवते, सांग मले?’ मी मास कॉम केलंय, सोर्स तपासा हा आमचा पहिला धडा. तरी मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोझरीला गेलो. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये हा आश्रम सुरू केला. त्यांचं तंत्रज्ञान म्हणजे एक खंजिरी, आणि इंग्रजांना तेवढंही पुरलं, १९४२ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी ते गेले. अजूनही पुण्यतिथी महोत्सवात त्या मिनिटाला हजारो माणसं निःशब्द उभी राहतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. सामुदायिक प्रार्थना झाली. मामांच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, निवडणुकीपासून त्यांचं नि मामांचं बोलणं बंद होतं, हे मला नंतर कळलं. उठताना ते म्हणाले, ‘सोयाबीन इकलं का?’ २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, तो आणि व्यापारी काय देतो, यावर दोघं पार्किंगमध्ये अर्धा तास उभे. मी चपला घालून ताटकळत.

येताना तिवशाच्या बाजारात रेडिओ टाकला. दुकानदार आता मोबाइलच्या काचा बदलतो, पण त्यानं नायलॉनचा दोरा ओवून काटा चालू करून दिला. वर म्हणाला, ‘रात्री लावजा.’ दिवसा उन्हानं वातावरणाचा एक थर तयार होतो आणि मीडियम वेव्ह शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, मग शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं लागतात.

दहा वाजता मामांनी बटण फिरवलं. आधी नुसती खरखर. मग कुठलं तरी स्टेशन लागलं, एक बाई सावकाश काहीतरी वाचत होती. भाषा तेलुगू असावी, किंवा कन्नड. मामी म्हणाल्या, ‘समजून तरी रायलं का तुमाले?’ मामांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.