पुढचा शब्द

"आमचा मुलगा धडा नीट वाचीत नाहीं, अंदाजानें वाचतो," अशी तक्रार घेऊन पुष्कळ पालक शिक्षकाकडे येतात. पुस्तकांत 'नदीच्या तीरावर' असें छापलेलें असतें आणि चिरंजीव खुशाल 'नदीच्या कांठावर' असें वाचून पुढें जातात. पालकांस हा निष्काळजीपणा वाटतो. मला मात्र अशा मुलाची फारशी चिंता वाटत नाहीं. ज्यानें तीराचा कांठ केला, त्याला नदी समजली आहे. चिंता वाटते ती 'विहिरीचें पाणी'च्या जागीं 'विहिरीचें पान' असें वाचूनहि ज्याच्या कपाळावर आठी उमटत नाहीं, त्या मुलाची.

विद्यार्थिमित्रहो, आपण वाक्य ऐकतों तेव्हां सगळे शब्द कानीं पडेपर्यंत आपलें मन स्वस्थ बसून राहात नाहीं. आलेल्या शब्दांवरून येणाऱ्या शब्दाची अटकळ बांधीत तें एक पाऊल पुढें चाललेलें असतें. ह्या अटकळीचा माग मेंदूंत काढतां येतो. कॅलिफोर्नियांतील मार्टा कुटास व स्टीव्हन हिलियार्ड ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९८० सालीं कांहीं लोकांना एकेक शब्द दाखवून वाक्यें वाचावयास दिलीं, आणि डोक्याला लावलेल्या तारांच्या योगानें मेंदूंतील सूक्ष्म विद्युत् टिपली. कांहीं वाक्यांचा शेवट मुद्दाम विसंगत ठेवला होता. वाक्यें इंग्रजी होतीं. आपल्याकडील मासला द्यावयाचा तर 'आजीनें गरम भाकरीवर छत्री वाढली' असा देतां येईल. विसंगत शब्द दिसल्यापासून सुमारें ४०० सहस्रांश सेकंदांनीं, म्हणजे अर्धा सेकंद होण्याच्या आंतच, मेंदूंत एक ठळक लहर उमटे. पुढें १९८४ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, शब्द विसंगत नसून केवळ अनपेक्षित असला तरीहि ती लहर उमटते, आणि शब्द जितका अपेक्षित तितकी ती लहान होते.

परीक्षेंतील 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न ह्याच शक्तीवर चालतो. गंमत अशी कीं, विल्सन टेलर ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९५३ सालीं ही युक्ति पुढें मांडली ती विद्यार्थ्याची नव्हे, उताऱ्याची परीक्षा घेण्यासाठीं! वाचकांना जागा भरतां येत नसतील तर उतारा अवघड, असा त्यांचा हिशेब. आमच्या कांहीं पाठ्यपुस्तकांस ही कसोटी कोणी लावील तर बरें होईल.

आतां ह्या अटकळीला आधार कशाचा? इंग्रजींत क्रियापद लौकर येतें. आल्टमन व कामिदे ह्यांनीं १९९९ सालीं चित्रें दाखवून केलेल्या प्रयोगांत 'मुलगा खाईल' एवढें इंग्रजींत ऐकतांच लोकांची नजर केकच्या चित्राकडे वळली. 'केक' हा शब्द अजून उच्चारावयाचा होता. आपल्या मराठींत क्रियापद शेवटीं बसतें, म्हणून मनाला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. येथील बाजारांत पाटींत आंबा, पपई आणि कलिंगड मांडलेलें आहे असें समजा. 'मला तो मोठा' म्हणतांच आंबा, 'ती मोठी' म्हणतांच पपई, आणि 'तें मोठें' म्हणतांच कलिंगड, हें विकणारीला फळाचें नांव येण्यापूर्वींच कळूं शकतें. एका मात्रेंत किती बातमी सांठविलेली असते पाहा! परंतु ज्याच्या घरीं दखनी बोलतात त्या मुलास ही बातमी सहजासहजीं मिळत नाहीं, कारण दखनीला नपुंसकलिंगच नाहीं. तांड्यावरून येणाऱ्या मुलासहि शाळेंतील मराठीच्या खुणा नव्यानेंच ओळखाव्या लागतात. अशीं मुलें वाचतांना अडखळलीं म्हणजे त्यांना 'मठ्ठ' म्हणून मोकळें होणाऱ्यांचा मला राग येतो.

गोदाकांठचें आमचें गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मग्राम. अभंगाच्या शेवटीं त्या स्वतःस नामदेवांची दासी म्हणवितात, आणि ती नाममुद्रा जवळ आली कीं कीर्तनांतील अक्षरशून्य म्हातारी देखील बुवांच्या आधीं पुढचा शब्द पुटपुटते. आमच्या उपासनेंतहि तेंच. माझ्या आजीला एक अक्षर वाचतां येत नव्हतें. पण नारायण वामन टिळकांच्या गीताचें पुढचें चरण ती पेटीवाल्याच्याहि आधीं उचलीत असे. मात्र मुंबईहून काकांचें पत्र आलें म्हणजे तीच आजी "हळू वाच रे, पुन्हा वाच" असें म्हणे. पाठ असलेला शब्द आठवणें निराळें, आणि कधीं न ऐकलेल्या वाक्यांतील पुढचा शब्द हेरणें निराळें.

हा फरक अलाहाबादेस (हल्लींचें प्रयागराज) झालेल्या एका प्रयोगांत दिसून आला. रमेश मिश्र, फाल्क ह्युटिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं तो प्रसिद्ध केला. हिंदी वाक्यें ऐकतांना, विशेषणाच्या लिंगावरून सुशिक्षितांची नजर योग्य चित्राकडे आधींच गेली. फार थोडें लिहितां-वाचतां येणाऱ्यांची नजर प्रत्यक्ष नाम ऐकल्यावरच वळली. दोघांचीहि मातृभाषा तीच! वाचनाबरोबर शाळेच्या इतरहि संवयी येतात, तेव्हां सगळें श्रेय एकट्या वाचनास देण्याची घाई मी करणार नाहीं. तरीहि पालकहो, मूल गोष्टीचें पुस्तक घेऊन बसलें असतां "अभ्यासाचें वाच" म्हणून तें हिसकावून घेण्यापूर्वीं ह्या प्रयोगाचा विचार करावा. नवीं वाक्यें त्याला तेथेंच भेटतात.

अटकळ चुकतेहि. आपल्या भाषेंत 'मी तुझ्यावर रागावलों' इतकें ऐकून दुसरा तोंड फिरवतो, आणि 'नाहीं' हा शब्द मागाहून येतो. परीक्षेंत 'पुढीलपैकीं कोणतें विधान बरोबर नाहीं?' असें विचारलें कीं दरवर्षीं हुशार मुलेंच अधिक फसतात, कारण त्यांचें मन 'बरोबर' ह्या शब्दापाशींच उत्तराकडे धांवतें. तो 'नाहीं' ठळक छापावा अशी वर्गाची विनंति आहे. ती मी अद्याप मानलेली नाहीं. वेळेच्या आधीं उत्तरपत्रिका देऊं पाहाणाऱ्याकडे मात्र मी ती एकदां परत सरकवितों.