तेल वाढलंय!

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळालं की गावाकडे आपला भाव एकदम वाढतो. शेजारच्या काकूंचा मिक्सर, चुलत्यांची मोटरसायकल, देवळातला पंखा, काहीही बंद पडू दे, "अरे आपला इंजिनिअर आलाय की सुट्टीला, दाखवा त्याला!" मग आपण मिक्सर हातात घ्यायचा, उलटा करायचा, गंभीर चेहऱ्यानं "हं" म्हणायचं आणि "कॉइल गेली असणार" असं सांगून मोकळं व्हायचं. माझं हे सगळं व्यवस्थित चाललं होतं. फेब्रुवारी 2023 पर्यंत.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कोल्हापुरात एका कारखानदार साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. गाडी साधीसुधी नव्हे. परदेशी कंपनीची काळीभोर डिझेल एसयूव्ही. दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज येतो. आमचं घर, गोठा आणि वीस गुंठे रान विकलं तरी त्या गाडीचा निम्मा भाग तरी येईल का, शंकाच आहे.

आबांचा त्या गाडीवर फार जीव. रोज सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडणार, ऑइल बघायची पट्टी ओढणार, फडक्यानं पुसणार, पुन्हा घालून पुन्हा ओढणार आणि खिशातल्या छोट्या डायरीत लिहून ठेवणार. तारीख, किलोमीटर, तेल कुठपर्यंत. हल्ली कित्येक महागड्या गाड्यांना ही पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. या गाडीला ती होती.

मी तेव्हा सेकंड इयरला होतो. दुसऱ्या दिवशी फ्लुइड मेकॅनिक्सची ओरल, जर्नल अर्धवट, आणि मेसमधून परत येताना आबांचा फोन आला.

"बाळा, एक विचारायचं होतं. गाडीचं तेल वाढाय लागलंय."

"वाढाय लागलंय म्हणजे?"

"म्हणजे पट्टीवर वरच्या खुणेच्या बी वर आलंय. कुणी टाकलेलं तर न्हाई. आणि वास डिझेलचा येतोय. काय असंल?"

मी हसलो. शेजारी रूम पार्टनर होता, त्याला डोळासुद्धा मारला. "अहो आबा, इंजिनमधलं तेल जळतं, कमी होतं. वाढतं का कधी? गाडी चढावर लावली असेल म्हणून तसं दिसलं. काही नाही झालेलं."

"असंल," आबा म्हणाले. "तू अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी ओरलमध्ये मी व्हिस्कॉसिटीची व्याख्या न अडखळता सांगितली. रेडवुड व्हिस्कोमीटरची आकृतीही काढून दाखवली. सर खूश झाले.

मे महिन्यात साहेबांना घेऊन आबा पुण्याहून परतत होते. खंबाटकीचा घाट चढताना बॉनेटमधून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग गाडीचा दमच गेला आणि मागून निळा धूर. गाडी क्रेनवर घालून न्यावी लागली. टर्बो गेला होता. चेंबरमधून जे तेल निघालं ते पाण्यासारखं पातळ होतं म्हणे. बिल झालं सव्वादोन लाख. आबांच्या पगाराच्या हिशेबात सांगायचं तर चौदा महिने.

साहेब माणूस वाईट नाही. पण एवढा आकडा बघितल्यावर कुणीही चिडणार. वर्कशॉपमध्ये चार लोकांसमोर ते आबांना म्हणाले, "एवढी वर्षं गाडी चालवतोस, तुला कळलं नाही? आणि नाही कळलं तर विचारायचं होतंस कुणाला तरी. तुझा मुलगा इंजिनिअर होतोय ना?"

आबा म्हणाले, "चुकलं साहेब."

हे सगळं मला आईनं सांगितलं. आबांनी तेव्हा नाही आणि आजवर कधीच नाही.

तेल वाढतं. कसं वाढतं ते मला थर्ड इयरला आयसी इंजिन्सच्या तासाला कळलं, आणि मागच्या बाकावर बसून मला अक्षरशः घाम फुटला. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी आली. काजळी तिच्यात साठते. ती जाळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतं, म्हणजे सिलिंडरमध्ये न जळता पुढे जाऊन ते गाळणी तापवेल. हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की हे काम बिनबोभाट होऊन जातं.

पण साहेबांची गाडी पळायची कुठे? बंगला ते शिरोली एमआयडीसी, सात-आठ किलोमीटर. संध्याकाळी तेवढीच परत. गाळणी जाळायचं काम सुरू व्हायचं आणि कारखान्याचं गेट यायचं, गाडी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये. पेट्रोलसारखं ते पटकन उडूनही जात नाही. म्हणून तेल वाढलं, आणि वाढत वाढत पातळ झालं. एसएई 30 ग्रेडचं तेल 100 अंशांना 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असायला हवं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. तेलात डिझेल मिसळलं की तो थर टिकत नाही, धातूला धातू लागतो. सोमरफेल्ड नंबरची गणितं मी पेपरात पूर्ण मार्कांनी सोडवलीत. तेच गणित आबांनी मला फोनवर घातलं होतं, वासासकट.

आणि ऑइल बदली झाली होती ऑक्टोबर 2021 ला. म्हणजे फोन आला तेव्हा सोळा महिने उलटले होते. किलोमीटर जेमतेम साडेसहा हजार. स्क्रीनवर सर्व्हिसची सूचना यायची, साहेब ओके दाबायचे. "गाडी पळालीच नाही, तर तेल कशाला बदलायचं?" ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात किलोमीटरच्या आकड्याशेजारी महिनेही लिहिलेले असतात आणि पुढे "जे आधी होईल ते" असतं. जवळच्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिक असेल तर त्याच्याही आधी बदला, असंही बऱ्याच पुस्तकांत असतं. कमी पळणारी गाडी तेल वाचवत नाही, नासवते. इंजिन पुरतं तापत नाही, ओल आणि डिझेल तेलातच राहतं. घरी पडून राहणाऱ्या गाडीला जास्त जपावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आबा आंघोळीला गेले असताना खुंटीवरच्या शर्टातली डायरी काढली. जानेवारीत एक नोंद होती, "साहेबांना सर्व्हिसचं बोललो. बघू म्हणाले." मग तेल कुठपर्यंत, तेल कुठपर्यंत, "खुणेच्या वर", "अजून वर, वास". आणि फेब्रुवारीच्या त्या तारखेला शेवटची ओळ, "बाळाला विचारलं. म्हणाला काही नाही."

त्यापुढे मेपर्यंत तेलाच्या वासाचा उल्लेख नाही. इंजिनिअरनं सांगितल्यावर आबांनी विषय बंद केला होता.

मी डायरी होती तशी ठेवली. आबा डोकं पुसत बाहेर आले तेव्हा म्हणालो, "आबा, तेव्हा तुमचं बरोबर होतं. तेल वाढतं. मला माहीत नव्हतं, तरी बोललो." आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांग बरं कसं वाढतं ते." मी वहीवर पिस्टन, रिंगा, चेंबर सगळं काढलं. आयुष्यातली ती माझी सगळ्यात अवघड ओरल. मधेच त्यांनी विचारलं, "मग गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायला पायजे म्हण की." बरोबर तेच.

आता दर सहा महिन्यांनी ऑइल बदली होते. साहेबांनीच सांगून टाकलंय, पळो वा न पळो. रविवारी आबा गाडी हायवेनं कागलपर्यंत नेऊन आणतात, एका वेगानं, मधे न थांबता. ऑइल बदलीच्या दिवशी वर्कशॉपच्या पिवळ्या रेषेला पाय लावून उभे राहतात. जुना फिल्टर बाहेर आलेला बघतात, ड्रेन बोल्टला नवा वायसर पडला का बघतात, डब्यावर गाडीला सांगितलेलाच ग्रेड आहे का वाचतात. कमी राखेचं तेल नसेल तर ती गाळणी लवकर तुंबते, हे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगता येतं.

माझं योगदान एकच. केमिस्ट्रीच्या लॅबमधून फिल्टर पेपर नेले. (विचारून नेले. स्टाफही हे वाचतो म्हणून मुद्दाम लिहितो.) महिन्यातून एकदा त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि रात्रभर ठेवायचा. मधे काजळीचा डाग, आणि बाहेर फिकट पारदर्शक कडं दिसलं तर डिझेल मिसळतंय असा संशय घ्यायचा. आबांच्या डायरीत आता ते कागद तारखेनिशी चिकटवलेले असतात. गेल्या सुट्टीत मी बघत होतो तर म्हणाले, "हे तुमच्या सरास्नी दाखव. चालंल का बघ."

सर, तुम्ही हे वाचत असाल तर डायरी माझ्या रूमवर आहे. घेऊन येतो.

मित्रांनो, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या बाईक्सची ऑइल बदली कधी झाली ते आठवून बघा. नसेल आठवत तर झालेली नाही. आणि घरून फोनवर कुणी काही अजब सांगितलं, तर "असं होत नाही" म्हणायच्या आधी एवढंच विचारा, "वास कसला येतोय?" पट्टी त्यांच्या हातात असते, आपल्या नाही.