सत्तावीस की बाहत्तर

महिन्यातून एकदा आम्ही केंद्राच्या बैठकीला जायचो. आम्ही म्हणजे मुकुंदवाडीतल्या उर्दू शाळेचे चारपाच शिक्षक. आमच्या मुलांचे वालिद कोणी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, कोणी रेल्वे स्टेशनबाहेर हातगाडीवर. बैठकीत आमची जागा शेवटच्या बाकावर. तिथे आम्हाला कोणी बसवले नव्हते, आम्हीच जाऊन बसायचो आणि परतताना रिक्षात कुरकुर करायचो की आपल्याला कोणी विचारत नाही.

राज्यात केंद्रप्रमुखाचे पद १९९४ मध्ये निर्माण झाले. साधारण दहा शाळांचे एक केंद्र; शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांच्या अडचणी सोडवाव्यात, हा हेतू. प्रत्यक्षात परिपत्रक वाचले जाई, माहितीचे तक्ते मागितले जात, चहा येई, सह्या होत. डी.एड.ला आम्ही नेतृत्वाचे तीन प्रकार पाठ केले होते: हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट. कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये ते मांडले, प्रयोग दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केले. शिक्षकांवर केले असते तर चौथाही सापडला असता, वरून आलेले खाली वाचून दाखवणारा!

एक साहेब कडक होते, त्यांच्यापुढे सगळे गप्प. दुसरे प्रेमळ, त्यांना सगळ्यांचे सगळे मान्य. पुढे एक मॅडम आल्या. बैठक शुक्रवारी दुपारी असे. जुम्याच्या नमाजासाठी आमच्यातले पुरुष अर्ध्यातून उठत आणि माना मागे वळत. मॅडमनी दोनदा ते पाहिले आणि तिसऱ्या महिन्यापासून वारच बदलला. त्यावर भाषण केले नाही. परिपत्रके प्रत्येकाच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "ही घरी वाचा. आज सांगा, वर्गात कोणाचे काय अडले आहे?"

कोणी बोलेना. त्याही बोलल्या नाहीत, थांबून राहिल्या. शेवटी आमच्या बाजी उभ्या राहिल्या. वीस वर्षे पहिली-दुसरी शिकवलेली, पण मराठी बोलताना अडखळायच्या. म्हणाल्या, "मुले सत्तावीस सांगितले की बाहत्तर लिहितात."

"उर्दू उजवीकडून लिहितात ना, म्हणून," पुढून कोणी तरी म्हणाले. हशा पिकला. लाजिरवाणी गोष्ट ही की आम्हीही माना डोलावल्या. आमच्या शाळेतल्या सभेत बाजींनी हेच विचारले होते, तेव्हा आम्ही पुरुष शिक्षकांनी हेच उत्तर देऊन त्यांना बसवले होते.

"पण आकडे आम्ही पण डावीकडूनच लिहितो," बाजी म्हणाल्या.

मॅडमनी निवाडा दिला नाही. एवढेच विचारले, "मराठी शाळेत कोणी तपासले आहे का?" एक सर जरा चाचरत म्हणाले, "आमच्याकडेही होते. आम्ही त्याला निष्काळजीपणा म्हणतो."

ठरले असे की दोन्ही शाळांत दुसरीला तेच दहा आकडे सांगायचे आणि कागद घेऊन यायचे. पुढच्या महिन्यात टेबलावर दोन गठ्ठे पडले. चूक तीच, दोन्हीकडे! लिपीचा संबंधच नव्हता. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, वीस नंतर. उर्दूतही सत्ताईस. मूल बिचारे ऐकले त्या क्रमाने लिहिते. मग त्या सरांनी आणि बाजींनी मिळून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्या काड्या, मग लिहायचे. त्या दिवशी आम्ही कोणत्या बाकावर बसलो होतो, आठवत नाही. सगळे टेबलाभोवती उभेच होते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा केवढी थट्टा झाली! प्रकरण विधानसभेतही गाजले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. नवी पद्धत बरी की वाईट, यावर आमच्यात आजही एकमत नाही. पण त्यांना ती का सुचली, हे आम्हाला समजावून सांगावे लागले नाही.

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख आहे: तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. आम्ही भाषणांत हा उल्लेख अभिमानाने सांगतो. त्रास नेमका कोणता होता, हे तिच्या तोंडून कुठे ऐकायला मिळत नाही.

बाजी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही चार पुरुष शिक्षक त्यांच्यावर भरभरून बोललो. त्यांच्या वाट्याला पाच मिनिटे उरली.