लिंगमळ्याचा धबधबा

महाबळेश्वरला जाणारी आपली कुटुंबे बहुधा बाजारपेठ, वेण्णा तलावातील नौकाविहार आणि स्ट्रॉबेरीचे मळे यांतच दोन दिवस संपवतात. पाचगणीच्या रस्त्याला असलेला लिंगमळ्याचा धबधबा ‘वेळ उरला तर’ या सदरात राहतो. माझ्या मते क्रम उलटा हवा.

प्रवेशद्वारातून आत शिरताच सावली दाटते. जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी अशी बुटकी, पीळदार झाडे. खोडांवर शेवाळाचा मऊ थर. पायाखाली तांबडा जांभा. याच लिंगमळ्यात १८६० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने क्विनाइनसाठी सिंकोना लावून पाहिला होता. तो काही जगला नाही. भांडवल सरकारी असले तरी जमीन आणि पाऊस यांची पत आधी तपासावी लागते, हा हिशोब तेव्हाही चुकला होता!

पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. एक लहान धबधब्याकडे जातो. तेथे मुले पाण्यात पाय सोडून बसतात. पुष्कळ मंडळी तेवढेच पाहून परततात. सौभाग्यवतींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला वर्ष झाले होते, म्हणून मीही तेथेच थांबण्याचे सुचवले. “मग शस्त्रक्रिया कशासाठी केली?” एवढेच बोलून त्यांनी काठी उचलली आणि दुसऱ्या वाटेला लागल्या. खडबडीत दगडांवरून, चार ठिकाणी बसत, आम्ही कठड्यापर्यंत पोहोचलो.

समोर सुमारे ५०० फुटांचा काळा कडा, आणि त्यावरून दरीत झेपावणारी वेण्णा! वारा आला की धार मध्येच विस्कटते. पाणी खाली न जाता धुक्यासारखे वर येते. सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परतताना काठी माझ्या हाती होती.

येथे वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात पाणी अफाट, पण धुक्यात पुष्कळदा नुसता आवाजच ऐकू येतो; उन्हाळ्यात धार सुतासारखी बारीक होते. पाणी आणि दृष्टी दोन्ही लाभावीत, तर आश्विन उत्तम. दिवाळीची गिऱ्हाइकी सुरू होण्यापूर्वी दुकान दोन दिवस मुलांवर सोपवावे, सकाळी लवकर निघावे, पायांत घट्ट पकडीची पादत्राणे असावीत आणि कठड्यापलीकडे मुळीच जाऊ नये. हेच पाणी पुढे मेढ्यावरून कण्हेर धरणात आणि तेथून माहुलीला कृष्णेत जाते.